थंडीपेक्षा ओल घातक : जनावरांचा हिवाळा

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. पुणे, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत रानोमाळ मुक्कामाला असलेल्या धनगरांच्या कळपांतील शेकडो मेंढ्या त्या दोन दिवसांत दगावल्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या भागांतून ओल्या शेतात ओळीने पडलेल्या मेंढ्यांची छायाचित्रे आली आणि ‘थंडीने मेंढ्यांचा मृत्यू’ अशी वार्ता सर्वत्र झाली.

वार्ता खरी होती. कारण मात्र अर्धवट होते. त्या रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळपासही गेला नव्हता. याच मेंढ्या जानेवारीतील निरभ्र, कोरड्या पहाटे आठ-नऊ अंश तापमानात उघड्या शेतात बसून काढतात आणि सकाळी ऊन वर आले की अंग झटकून चरायला निघतात. मग त्याहून उबदार रात्री त्या का मेल्या? या प्रश्नाच्या उत्तरात जनावरांच्या हिवाळ्याचे जवळजवळ सारे शास्त्र सामावले आहे. ते थोडक्यात असे : धडधाकट, पोट भरलेल्या आणि कोरड्या जनावराला नुसती थंडी सहसा मारत नाही. थंडीला ओल, वारा आणि उपासमार यांची साथ मिळाली की ती मारते.

पोटातली शेगडी

माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. गाईचे साधारण साडेअडतीस, मेंढीचे ३९ अंशांच्या किंचित वर, तर कोंबडीचे ४१ ते ४२ अंश. बाहेर पहाटे आठ अंश असोत वा दुपारी पस्तीस, शरीराच्या गाभ्याचे हे तापमान जनावराला जवळपास स्थिर ठेवावे लागते. त्यासाठी लागणारी उष्णता अन्नातूनच येते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांना निसर्गाने याबाबतीत एक मोठी देणगी दिली आहे. त्यांच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. त्यात अब्जावधी सूक्ष्म जीव वैरण आंबवून तिचे विघटन करतात. या क्रियेत सतत उष्णता निर्माण होते. त्यामुळे कोटीपोटाचे तापमान उरलेल्या शरीरापेक्षा साधारण एक-दोन अंशांनी अधिक राहते. अंगात चोवीस तास धगधगणारी शेगडीच म्हणा ना.

या शेगडीचे सरपण म्हणजे तंतुमय वैरण. धान्य किंवा पेंड यांच्यापेक्षा ज्वारीचा कडबा, वाळलेले गवत, भुसा यांच्या पचनात अधिक उष्णता बाहेर पडते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी, हळूहळू मिळत राहते. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर गव्हाणीत कडबा टाकून ठेवायची आपल्या शेतकऱ्यांची जुनी पद्धत आहे. तिच्यामागील हिशेब कोणी लिहून ठेवला नसेल. पण रात्री खाल्लेल्या कडब्याची ऊब पहाटे, म्हणजे पारा सर्वांत खाली असतो तेव्हा, उपयोगी पडते.

केसांचे पांघरूण

उष्णता निर्माण करणे हा झाला एक भाग. ती टिकवणे हा दुसरा. दिवस लहान होऊ लागताच जनावरांच्या शरीराला हिवाळ्याची चाहूल लागते. केस दाट आणि लांब होण्याची क्रिया थंडी पडण्याआधीच सुरू होते, कारण तिचे वेळापत्रक पाऱ्यावर नव्हे, तर प्रामुख्याने उजेडाच्या कालावधीवर ठरते. गारवा जाणवला की कातडीखालील बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि केस ताठ उभे राहतात. त्या केसांत हवेचा एक थर अडकतो. ऊब राखते ती ही स्थिर हवा. केस वा लोकर केवळ तिला धरून ठेवतात. आपला स्वेटर आणि धनगराची घोंगडी याच नियमाने काम करतात.

त्याच वेळी कातडीकडे, कानांकडे आणि पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. पायांत तर निसर्गाने आणखी एक युक्ती योजली आहे. खाली जाणारे उष्ण रक्त आणि वर येणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या परस्परांना लागून असतात. खाली जाणारे रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे खुरे गार राहिली तरी गाभा उबदार राहतो. थंडीत गाईचे कान हाताला गार लागले म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. ती काटकसर आहे. एवढ्यानेही भागले नाही, तर शरीर थरथरू लागते. स्नायूंच्या या हालचालीतून उष्णता मिळते, पण ती फार महाग पडते.

ज्या तापमानाच्या खाली शरीराला ऊब राखण्यासाठी जादा इंधन जाळावे लागते, त्याला ‘निम्न क्रांतिक तापमान’ म्हणतात. आपण त्याला थंडीची सीमा म्हणू. ही सीमा सर्वांसाठी सारखी नसते. भरपूर खाणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टीन गाईच्या पोटातील शेगडी इतकी प्रखर असते, की कोरड्या हवेत ती शून्याखाली बरेच अंश सहज सोसते. महाराष्ट्रातील संकरित गाईंना म्हणूनच हिवाळा मानवतो. त्यांना खरा त्रास होतो तो एप्रिल-मे महिन्यांत. निफाडमध्ये पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवून रात्र जागवतात; शेजारच्या गोठ्यातली धष्टपुष्ट संकरित गाय मात्र त्या वेळी निवांत रवंथ करत असते.

म्हशीची गोष्ट थोडी निराळी. तिचे केस विरळ, कातडी काळी. उन्हात ती तापते आणि थंड वाऱ्यात लवकर गारठते. मात्र तिच्या प्रजननाचे चक्र लहान दिवसांशी जोडलेले आहे. उन्हाळ्यात ‘मुका माज’ दाखवणाऱ्या म्हशी पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात नीट माजावर येतात. सुमारे दहा महिन्यांच्या गाभणकाळानंतर त्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात किंवा हिवाळ्याच्या तोंडावर वितात. त्यामुळेच हिवाळा हा दुधाचा पुष्टकाळ ठरतो. शहरात या दिवसांत दूध मुबलक मिळते आणि त्यावर सायही जाड धरते, कारण दुधातील स्निग्धांशही या काळात वाढलेला असतो. पण याच वेळापत्रकामुळे ऐन थंडीत गोठ्यात एक ते चार महिन्यांची रेडके असतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

एक लिटर पाण्याची किंमत

आता पुन्हा त्या डिसेंबरच्या रात्रीकडे वळू. लोकर पावसाने चिंब झाली की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते. पाणी उष्णतेचे वहन हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने करते; म्हणजे पांघरूण अंगावर असूनही नसल्यासारखे होते. त्यात वारा सुटला की पाण्याची वाफ होऊ लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती काही हवेतून आणि काही मेंढीच्या शरीरातून येते. तीस किलो वजनाच्या मेंढीला नुसते जगण्यासाठी दिवसभरात जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळपास निम्मी ही रक्कम आहे. आणि भिजलेल्या लोकरीत पाणी एका लिटरहून अधिक असू शकते.

अमेरिकेतील कृषी विस्तार यंत्रणा मांसासाठी पाळलेल्या गुरांबाबत काही ठोकताळे वापरतात. दाट आणि कोरडे हिवाळी केस असलेल्या गाईची थंडीची सीमा उणे आठ अंशांच्या आसपास असते; मध्यम कोरड्या केसांच्या गाईची शून्याच्या जवळ; आणि केस भिजलेले असतील तर तीच सीमा एकदम पंधरा अंशांवर येते. या सीमेखाली दर एक अंशामागे ऊर्जेची गरज साधारण दोन टक्क्यांनी वाढते. हे आकडे थंड प्रदेशातील जाड कातडीच्या गुरांचे आहेत. आपल्या देशी गुरांची कातडी पातळ आणि केस आखूड. त्यांची सीमा याहून वरच असणार. मेंढीची लोकर नुकतीच कातरली असेल, तर कोरड्या हवेतही तिची सीमा पंचवीस अंशांच्या घरात जाते. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. पावसाळ्यानंतरच्या कातरणीला उशीर झाला आणि लोकर पुरेशी वाढण्यापूर्वीच अवकाळी पावसाने गाठले, तर त्या मेंढीच्या अंगावर पांघरूणच उरलेले नसते.

भिजण्याबरोबरच उपासही घडतो. पावसाच्या माऱ्यात मेंढरे चरत नाहीत. एकमेकांत डोके खुपसून गोठून उभी राहतात. रिकाम्या कोटीपोटात शेगडी मंदावते. थरथरण्यासाठी लागणारी शरीरातील साखर संपत जाते. शरीराचे तापमान उतरू लागले की जनावर सुस्त होते, खाली बसते आणि चिखलाच्या स्पर्शाने उरलीसुरली उष्णताही जमिनीत जाते. दाटीत खाली बसलेल्या मेंढ्या इतरांच्या अंगाखाली चेंगरतात. ज्या वाचतात त्यांतील काहींना पुढील आठवड्यात फुफ्फुसदाह गाठतो. म्हणून अशा घटनेतील हानी एका रात्रीत मोजून संपत नाही.

ओल केवळ पावसाचीच असते असेही नाही. ऊसतोडणीच्या हंगामात गाडीला जुंपलेले बैल कारखान्याच्या आवारात किंवा तोडणी कामगारांच्या टोळीजवळ उघड्यावर रात्र काढतात. ओझे ओढून घामाने निथळलेला बैल तसाच वाऱ्यात बांधला, तर तो भिजलेल्या जनावरासारखाच गारठतो. जाणता गाडीवान आधी त्याचे अंग गोणपाटाने खसखसून कोरडे करतो, मग वैरण टाकतो. ही वैरण बहुतेक वेळा उसाच्या वाढ्यांची असते. वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे शरीराला कॅल्शियम पुरेसे मिळत नाही, म्हणून सोबत थोडा कडबा आणि खनिज मिश्रण देणे हिताचे.

खरवस कोणाचा?

हिवाळ्यातला सर्वांत नाजूक जीव म्हणजे नुकतेच जन्मलेले पिल्लू. आईच्या पोटातील साडेअडतीस अंशांतून ते पहाटेच्या दहा अंशांत येते आणि येते तेच ओले होऊन. त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. कोटीपोटाची शेगडी अजून पेटलेली नसते; ती पेटायला वैरण खाण्याचे वय यावे लागते. निरोगी, कोरड्या नवजात वासराचीही थंडीची सीमा दहा अंशांच्या आसपास असते. महाराष्ट्राच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा याच्या खाली सहज जातो. म्हणजे मोठ्या गाईला सुखद वाटणारी रात्र तिच्या वासराला संकटाची असू शकते.

वासरू, कोकरू आणि करडू यांच्याजवळ जन्मतः एक लहानशी शिदोरी असते. ती म्हणजे विशिष्ट प्रकारची तपकिरी चरबी. ही चरबी न थरथरताही थेट उष्णता देते. पण ती काही तासांपुरतीच पुरते. डुकराच्या पिल्लांना तीही नसते, म्हणून ती जन्मल्यापासून एकमेकांच्या अंगावर चढून ऊब शोधतात आणि त्यांना बत्तीस-चौतीस अंशांची जागा लागते. शिदोरी संपण्यापूर्वी पिल्लाच्या पोटात आईचा चीक जाणे, हाच जगण्या-मरण्यातला फरक असतो.

चिकात स्निग्धांश आणि प्रथिने भरपूर असतात. ते पिल्लाचे पहिले सरपण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पिल्लांना ही द्रव्ये गर्भात आईकडून मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतड्यांतून ती शोषण्याची शक्ती जन्मानंतर तासागणिक घटत जाऊन सुमारे चोवीस तासांत संपते. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवशी पोटात जावा, त्यातील शक्य तेवढा पहिल्या एक-दोन तासांतच, असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो. पंचवीस किलोच्या वासराला म्हणजे अडीच लिटर.

शहरातील वाचकांना हाच चीक खरवसाच्या रूपाने परिचित आहे. चांगल्या दुभत्या गाईला वासराच्या गरजेहून अधिक चीक येतो. त्या उरलेल्या चिकाचा खरवस करण्यात गैर काहीच नाही. मात्र पहिल्या धारेवर, आणि विशेषतः थंडीच्या पहाटेच्या पहिल्या धारेवर, हक्क वासराचा. चीक मिळालेल्या आणि न मिळालेल्या वासरांतील फरक महिन्याभरात दिसतो. हगवण आणि फुफ्फुसदाह यांचे बळी बहुधा दुसऱ्या गटातील असतात.

कोंबडीचे पिसारे आणि बंद पडदे

कोंबडीचे पिसारे म्हणजे उत्तम रजई. थंडीत ती पिसे फुलवते, एक पाय पोटाशी घेते, चोच पंखात खुपसते. अंगावर पिसे यायच्या आधीचे पिल्लू मात्र पूर्णतः बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे पस्तीस अंश लागतात. पुढे दर आठवड्याला ही गरज साधारण तीन अंशांनी कमी होत जाते. दिव्याखाली पिल्ले दाटीने गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर पळून चोच उघडी टाकून बसली, तर उष्णता जास्त झाली. सर्वत्र विखरून खात-पीत असली, तर सारे ठीक. तापमापक नसला तरी पिल्लांची ही भाषा वाचता येते.

थंडीच्या धास्तीने पोल्ट्री शेडचे पडदे रात्रभर घट्ट लावून घेणे ही येथील नेहमीची चूक. विष्ठेतून निघणारा अमोनिया आत साचतो, डोळे आणि श्वासनलिका जळजळतात. थंडीत शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि हवा मात्र कोंदलेली. यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या मांसल कोंबड्यांत हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साचण्याचा विकार बळावतो. गादीचा भुसा ओला झाला, तर तोही ऊब शोषतो. ऊब हवी म्हणून हवा बंद करणे, हा सौदा तोट्याचाच. पडदा वरच्या बाजूस थोडा उघडा राहावा, म्हणजे दूषित हवा निघून जाते आणि थंड झोत अंगावर येत नाही.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा हिवाळ्यातील प्रश्न थंडीइतकाच उजेडाचाही असतो. उत्पादन टिकण्यासाठी त्यांना चौदा ते सोळा तास उजेड लागतो; डिसेंबरात पुण्यात दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा. म्हणून शेडमध्ये पहाटे वा संध्याकाळी दिवे लावावे लागतात.

उणे तीस अंशांतली शेळी

केवळ थंडी मारत नाही, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा लडाखच्या चांगथांग पठारावर मिळतो. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच असलेल्या या पठारावर हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांच्या घरात जातो. तेथील चांगपा पशुपालकांच्या शेळ्या हा हिवाळा उघड्यावर, दगडी भिंतींच्या आडोशाने काढतात. बाहेरच्या राठ केसांखाली त्यांना बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीची अतिशय मऊ लोकर येते. तीच पश्मिना. वसंत ऋतूच्या अखेरीस ती आपोआप सुटू लागते, तेव्हा कंगव्याने विंचरून घेतात. तेथील हवा कोरडी. बर्फ पडले तरी केस आतपर्यंत भिजत नाहीत.

मात्र २०१३ च्या आरंभी चांगथांगमध्ये प्रचंड हिमवृष्टी झाली, तेव्हा हजारो करडे आणि शेळ्या मेल्या. थंडी नेहमीचीच होती. चारा बर्फाखाली गाडला गेला होता. शेगडी शाबूत, पांघरूण शाबूत, सरपणच संपले.

मंगोलियात या आपत्तीला स्वतंत्र नाव आहे – ‘झुद’. खोल बर्फाने चारा झाकला तर पांढरा झुद. वितळलेले बर्फ पुन्हा गोठून जमिनीवर कठीण कवच तयार झाले तर लोखंडी झुद. बर्फच न पडल्याने प्यायला काही उरले नाही तर काळा झुद. २००९-१० च्या झुदमध्ये तेथील ऐंशी लाखांहून अधिक जनावरे, म्हणजे देशाच्या पशुधनाचा सुमारे पाचवा हिस्सा, नष्ट झाली. २०२३-२४ च्या हिवाळ्यातही सत्तर लाखांहून अधिक जनावरांचा बळी गेला. विशेष म्हणजे अनेकदा अशा हिवाळ्याची बीजे आदल्या उन्हाळ्यात असतात. अवर्षणाने गवत कमी उगवते, जनावर अंगावर चरबी न साठवताच हिवाळ्यात शिरते आणि कोसळते. म्हणजे जनावर हिवाळ्यात मरते, पण त्याचा हिशेब उन्हाळ्यातच चुकलेला असतो. हा नियम मराठवाड्यातील दुष्काळी गावाच्या दावणीलाही तितकाच लागू आहे.

गोठ्यात काय करावे?

वरील विवेचनातून गोठ्यासाठीचे नियम आपोआप निघतात आणि ते बहुतांश बिनखर्चाचे आहेत.

पहिला नियम कोरडेपणाचा. गोठ्याची जमीन उताराची असावी, मूत्र वाहून जावे. रात्री जनावरांखाली भुसा, पाचट किंवा वाळलेल्या गवताची जाड गादी असावी आणि ओली झालेली गादी सकाळी काढून उन्हात टाकावी. थंड फरशीवर बसलेली म्हैस पोटाकडून गारठते. जनावरे धुवायची झाल्यास दुपारच्या उन्हात धुवावीत. पहाटे धारेपूर्वी केवळ कास कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसावी.

दुसरा नियम आडोशाचा. वारा येणाऱ्या बाजूस जनावराच्या उंचीपर्यंत गोणपाटाचे पडदे लावावेत. वरची हवा खेळती राहू द्यावी. बंदिस्त गोठ्यात शेकोटी पेटवू नये. धुराने फुफ्फुसे बिघडतात आणि वैरणीला आग लागण्याचा धोका असतो तो वेगळाच. वासरांच्या अंगावर गोणपाटाची झूल बांधावी. ती भिजली तर मात्र तत्काळ काढावी. ओली झूल नसलेल्या झुलीपेक्षा वाईट.

तिसरा नियम सरपणाचा. थंडीच्या लाटेत वैरण वाढवावी, ती संध्याकाळी अधिक द्यावी आणि दुभत्या जनावरांच्या आंबोणातही थोडी भर घालावी. अशी भर न घातल्यास शरीर ऊब राखण्यासाठी दुधातून आणि अंगावरच्या चरबीतून कपात करते. पाणी थंडगार असेल तर जनावरे कमी पितात. पाणी कमी प्यायले की खाणे कमी होते. रात्रभर उघड्या हौदात गारठलेल्या पाण्याऐवजी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे ताजे पाणी द्यावे. पहाटे ते हवेपेक्षा उबदार असते.

चौथा नियम वेळेआधीच्या तयारीचा. जंतनाशन आणि लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, पीपीआर यांसारख्या रोगांवरील लसीकरण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने थंडीच्या आधीच उरकावे. पोटात जंत असलेले जनावर कितीही खाल्ले तरी अंग धरत नाही.

संकटाची लक्षणेही ओळखता यावीत. पाठीची कमान करून, पाय जवळ घेऊन उभे राहणे, केस सतत ताठ असणे, रवंथ थांबणे, वासराने उठण्याचा प्रयत्न न करणे, त्याच्या तोंडात बोट घातले असता आतून गार लागणे. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर. अशा वासराला प्रथम कोरडे करून ऊब द्यावी आणि पशुवैद्यकाला बोलवावे. चोखता येत नसलेल्या गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

वाड्यावरचा प्रश्न

गोठ्याला भिंती आणि छप्पर असते. मेंढपाळाच्या वाड्याला असते ती केवळ वाघूर, म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच वर्षातले अनेक महिने फिरतीवर असतात. पावसाळा संपला की कळप चाऱ्याच्या शोधात निघतात. शेतकरी आपल्या रानात त्यांना खतासाठी बसवतात. नांगरून मोकळ्या केलेल्या शेतात, गावापासून दूर, आडोसा नसलेल्या जागी पाऊस गाठतो, तेव्हा दोनशे मेंढ्या न्यायच्या कोठे, हा प्रश्न मेंढपाळापुढे असतो. कोकरांना तो घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात, स्वतःच्या पालात, घोंगडीत घेतो. मोठ्या मेंढ्यांना घेता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यातर्फे मेंढीपालकांसाठी खास इशारे दिले जातात. तापमान, वारा आणि पाऊस यांचा एकत्रित परिणाम मेंढ्यांना, विशेषतः कातरलेल्या मेंढ्यांना आणि कोकरांना, घातक ठरेल असे दिसताच तो इशारा प्रसृत होतो. आपल्याकडे थंडीच्या लाटेची व्याख्या किमान तापमानाला बांधलेली आहे. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ल्यात पशुधनासाठीही सूचना असतात. पण पारा पंधरा-सोळा अंशांवर असताना ‘थंडीची लाट’ म्हणून कोणी सावध होत नाही आणि ‘पावसाचा इशारा’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कांदा आणि द्राक्षे. डिसेंबर २०२१ च्या मेंढ्या या दोन इशाऱ्यांच्या मधल्या फटीत मेल्या.

नुकसानभरपाईची स्थितीही फार वेगळी नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदत निकषांत मेंढी वा शेळीमागे चार हजार रुपये आणि तेही एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस लहान जनावरांपर्यंत, अशी तरतूद होती. ज्याच्या डोळ्यांदेखत पन्नास मेंढ्या गेल्या, त्याच्या वीस मेंढ्यांना या हिशेबात जागा नव्हती.

उपाय मोठा नाही. पाऊस आणि वारा एकत्र येणार असल्याचा निरोप मेंढपाळाच्या मोबाईलवर काही तास आधी पोहोचावा. फिरतीच्या ठरलेल्या वाटांवरील गावांनी समाजमंदिर, बंद पडलेले गोदाम किंवा बाजाराची शेड एका रात्रीपुरती कळपाला मोकळी करून द्यावी. एवढे झाले तरी बरीच हानी टळेल. जनावराने आपल्या बाजूने थंडीशी लढण्याची तयारी केलेली असते : केस वाढवलेले असतात, रक्त काटकसरीने फिरवलेले असते, पोटात शेगडी पेटलेली असते. त्याला माणसाकडून हवे असते ते पोटभर वैरण, वाऱ्याला आडोसा आणि बसायला हातभर कोरडी जमीन.